मोगलीची गोष्ट कोणाला आठवते?

चाळिशी ओलांडलेला कुणीही भेटला की त्याच्यावर एक छोटा प्रयोग करून बघा. ‘रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, आठवतो?’ एवढंच विचारा. चेहरा खुलतो, मान डोलायला लागते आणि मोगलीचं ते गाणं पूर्ण ऐकून घेण्यावाचून तुमची सुटका नसते. ते संपलं की हळूच पुढचा प्रश्न टाका, ‘मोगली लांडग्यांना सापडतो तो भाग सोडून दे. मधल्या कुठल्याही एका भागाची गोष्ट सांग.’ इथे बहुतेकांची गाडी अडते. बल्लू अस्वल आठवतं, बघीरा आठवतो, शेरखानचा आवाज तर हमखास आठवतो. पण ५२ भागांपैकी एकाचंही धड कथानक सांगता येत नाही.

‘विक्रम और बेताल’वर हाच प्रयोग केला तरी निकाल बदलत नाही. राजाच्या खांद्यावरचं प्रेत, राजाने तोंड उघडताच उडून जाणारा पांढऱ्या केसांचा बेताल आणि त्याचं ते हसणं, एवढं सगळ्यांपाशी असतं. बेतालाने घातलेलं एखादं कोडं मात्र सांगता येत नाही, आणि आलंच तर ते बहुधा ‘चांदोबा’त वाचलेलं असतं. ‘मालगुडी डेज’ची धून तर शब्दांशिवायची, तरी ती कुणीही गुणगुणून दाखवेल. त्यातल्या स्वामीचं पुढे काय झालं, हे विचारल्यावर मात्र लोक एकमेकांकडे बघतात.

लहानपणीच्या टीव्ही कार्यक्रमांची जी ओढ आपल्याला वाटते, ती मुळात त्या कार्यक्रमांची नसतेच, असं माझं मत या प्रयोगांतून बनलं आहे. गोष्ट दर आठवड्याला नवी असायची आणि एकदाच दिसायची. पुनःप्रक्षेपण झालं तर नशीब. त्या गोष्टीच्या आजूबाजूचा पसारा मात्र दर आठवड्याला तसाच्या तसा परत यायचा : शीर्षकगीत, निवेदिकेचं हसू, साबणाची जाहिरात, प्रक्षेपण बंद पडलं की येणारी दिलगिरीची पाटी. मनात जाऊन बसला तो हा पसारा.

याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे ज्याला कार्यक्रम म्हणणंही कठीण, असा एक छोटा चित्रपट. ‘एक अनेक और एकता’ हे त्याचं नाव. लोक त्याला चिमण्यांचं गाणं म्हणून ओळखतात. हा सुमारे सात मिनिटांचा ॲनिमेशनपट १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने काढला. तो करणाऱ्या विजया मुळे यांचा जन्म मुंबईचा, १९२१ चा. फिल्म सोसायटी चळवळीच्या आधारस्तंभांपैकी त्या एक. भारतातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ मध्ये उभा राहिला, त्यात सत्यजित राय यांच्याबरोबर त्या होत्या. चित्रं भीमसैन यांची, ज्यांनी पुढे ‘घरौंदा’ काढला. संगीत वसंत देसाई यांचं, म्हणजे ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘गुड्डी’च्या संगीतकाराचं, हे त्यांच्या अगदी अखेरच्या कामांपैकी एक, कारण १९७५ च्या डिसेंबरात ते गेले. आणि गाणारी मुलगी होती साधना घाणेकर, जिला नंतर सगळा देश साधना सरगम म्हणून ओळखू लागला. बहुतेक मराठी माणसांनी एकत्र येऊन केलेली ही हिंदी फिल्म सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेली.

पण पुरस्कारामुळे ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. ती लक्षात राहिली, कारण दूरदर्शनकडे दोन कार्यक्रमांमध्ये पाच-सात मिनिटांची भोकं पडायची आणि ती बुजवायला हाताशी असलेल्या मोजक्या फिल्म्सपैकी ही एक होती. वर्षानुवर्षं ती अशी कधीही, कुठेही लागायची. ठरवून कुणी बघितली नाही आणि चुकवणंही कुणाला जमलं नाही. वेळापत्रकात जिचं नावही नसायचं, ती आज कित्येकांच्या बालपणाची खूण आहे.

पुन्हापुन्हा समोर येणारी गोष्ट माणसाला आवडायला लागते, हे रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं. त्याने लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी दिसणारी चिन्हं आणि अनोळखी माणसांचे फोटो दाखवले. काही एकदोनदाच, काही पुष्कळ वेळा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त बरं वाटलं. त्यात अर्थ नव्हता, गोष्ट नव्हती, फक्त ओळख होती. पण शेरखानपेक्षा शेरखानच्या आधीचं गाणं पक्कं का बसतं, याचा उलगडा नुसत्या ओळखीने होत नाही. त्यासाठी डेव्हिड रुबिन यांच्याकडे जावं लागतं. तोंडी परंपरांमधली गाणी आणि महाकाव्यं पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकतात, याचा त्यांनी अभ्यास केला. ठेका, यमक आणि अर्थ हे तिघं मिळून पुढच्या शब्दाला दुसरीकडे जाऊच देत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. ठेक्यात बसेल, यमक साधेल आणि अर्थही जुळेल असा शब्द फार तर एखादाच असतो, त्यामुळे विसरायला वावच उरत नाही. पाढे घोकलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको : सतरा सक किती हे मधूनच विचारलं तर अडतं, सतरा एकेपासून सुरुवात केली की आपोआप येतं.

मोगलीकडे परत येऊ. कारण आपल्या आठवणीतलं ‘आपलं’ म्हणजे नेमकं कुणाचं, हे त्याच्याइतकं मजेदारपणे दुसरं कुणी सांगत नाही.

रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत. ‘द जंगल बुक’ त्याने लिहिलं ते मात्र अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फाच्या प्रदेशात बसून. ते १८९४ मध्ये छापून आलं. मोगलीचं जंगल म्हणजे मध्य प्रदेशातला सिवनीचा परिसर. आज तिथे पेंच व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्याचा दक्षिणेकडचा भाग आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. त्या रानाचा तपशील किपलिंगला मिळाला तो मुख्यतः स्टर्नडेल नावाच्या दुसऱ्या इंग्रजाच्या १८७७ च्या पुस्तकातून. ‘द जंगल बुक’वरून जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये ५२ भागांची मालिका केली; दिग्दर्शक होते फुमिओ कुरोकावा. ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिंदीत डब होऊन दूरदर्शनवर आली.

मजा यापुढे आहे. ज्या गाण्यासाठी आपण हळवे होतो ते जपानी मालिकेत नाहीच. ते इथे घातलं गेलं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची. भारद्वाज तेव्हा चित्रपटसृष्टीत फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ‘माचिस’ यायला अजून अवकाश होता. ज्या शेरखानला मुलं घाबरायची त्याचा आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे तोही इथलाच. मोगली लहानपणी बघितलेला एखादा जपानी गृहस्थ भेटला, तर त्याला ना ते गाणं ठाऊक असेल ना तो आवाज. त्याची आठवण वेगळीच. चित्रं जपानी, पुस्तक इंग्रजी, जंगल सिवनीचं. पण आठवणीत घट्ट बसलेला जो भाग, तो इथल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत तयार झाला होता.

व्यापाऱ्यांना हे आपल्याआधी कळलं. डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ २०१६ मध्ये आला तेव्हा भारतातल्या प्रसिद्धीसाठी गुलजार आणि भारद्वाज यांच्याकडून तेच जुनं गाणं नव्याने करून घेतलं आणि हिंदी शेरखानसाठी पुन्हा नाना पाटेकरांनाच बोलावलं. चित्रपटाचा जपानी मालिकेशी काही संबंध नव्हता. पण तिकीट काढणार होते ते आईबाप, आणि आईबापांना काय ऐकू आलं की ते थिएटरात येतील याचा हिशेब अचूक होता.

आता त्या काळाबद्दल थोडं, कारण पुन्हापुन्हा दिसण्याने एवढं काम केलं ते पर्याय नसल्यामुळे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि वर्षभराने सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. बाकीचा महाराष्ट्र कितीतरी वर्षं कोरडाच होता. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंग आले. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा सपाटा लागला आणि मग जिल्ह्याच्या गावी, तालुक्याला छपरांवर अँटेना उगवल्या. तरीही वाहिनी एकच. रविवारी सकाळी मुलांसाठी जे लागेल ते सगळ्यांनी बघायचं, आणि ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्याकडे जाऊन बघायचं. कितीतरी जणांच्या आठवणीत टीव्हीच्या आधी शेजाऱ्यांचं दार येतं. आत घेतील की नाही, चपला कुठे काढायच्या, पुढे बसायला मिळेल का, आणि मालिका संपल्यावर काकूंनी ‘आता अभ्यास’ म्हणून सगळ्यांना एकदम उठवणं.

साउदॅम्प्टन विद्यापीठातले टिम वाइल्डशूट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोकांच्या अशा हुरहुरीच्या आठवणी लिहून घेतल्या आणि तपासल्या. त्यात वस्तू आणि जागा कमी, माणसं जास्त निघाली. आठवणीच्या मध्यभागी ‘मी’ आणि मला घेरून जवळची माणसं, हा साचा वारंवार येत होता. दुसरी गोष्ट अशी, की ही हुरहुर दाटून येते ती मन उदास असताना, विशेषतः एकटं वाटत असताना. आणि आठवून झाल्यावर माणसाला जरा आधार वाटतो. त्यामुळे मोगलीबद्दल बोलता बोलता लोक शेजारच्या काकूंवर येतात, याला विषयांतर म्हणता येणार नाही.

यात एक गोम आहे. माणसाला आयुष्यातला कुठला काळ सर्वांत जास्त आठवतो, हे मोजलं की साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या वर्षांचा उंचवटा दिसतो. मोगली बघणारी पुष्कळ मुलं तर सहा-आठ वर्षांची होती. म्हणजे ही आठवण त्या उंचवट्याच्या पायथ्याशीच पडते. मग ती एवढी ठसठशीत कशी? कदाचित ती नंतरही सारखी घासूनपुसून घेतली गेली म्हणून : शाळेच्या सहलीत, वसतिगृहात, लग्नाच्या आदल्या रात्री जागताना, आणि आता मुलांना झोपवताना. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना जुनी लोकप्रिय गाणी ऐकवली, तर स्वतःच्या जन्माआधीची, आईवडील तरुण असतानाची गाणीही या मुलांना जवळची वाटत होती. घरात वाजत राहिलेलं गाणं पुढच्या पिढीच्या आठवणीतही आपली जागा करून घेतं. मोगलीचं ते गाणं आज जी पाच वर्षांची पोरं म्हणतात, त्यांनी मालिकेची एक चौकटही पाहिलेली नसते.

याच्या उलट, जे त्रासाचं होतं ते विरून जातं. अप्रिय आठवणींची धार प्रिय आठवणींपेक्षा लवकर बोथट होते, असं मानसशास्त्रातल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. नेमक्या वेळी वीज जाणं, गच्चीवर भावाला उभं करून ‘आलं का?’, ‘गेलं!’ असा अँटेनाचा संवाद, क्रिकेटच्या सामन्यासाठी मुलांचा कार्यक्रम रद्द होणं; तेव्हा यातल्या प्रत्येकावर रडारड झाली होती. आज तेच किस्से हसून सांगितले जातात. दिलगिरीच्या पाटीचे तर कप आणि टी-शर्ट निघाले. मला हे थोडं संशयास्पद वाटतं. त्या पाटीचा आपल्याला अतोनात राग यायचा, हे विसरायचं नसतं.

ही ओढ खरीखुरी तपासण्याची संधी २०२० मध्ये आली. टाळेबंदी सुरू झाली २५ मार्चला. २८ तारखेपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. त्यामागोमाग ‘महाभारत’, ‘शक्तिमान’ आणि ‘द जंगल बुक’ही परत आली, आणि एप्रिलच्या मध्यावर जुन्या मालिकांसाठी ‘डीडी रेट्रो’ नावाची वेगळी वाहिनीच सुरू झाली. घरात कोंडलेला, धास्तावलेला, एकटा पडलेला देश. साउदॅम्प्टनवाल्यांच्या निष्कर्षांना याहून मोठी प्रयोगशाळा मिळाली नसती. ‘रामायण’ला प्रेक्षक प्रचंड मिळाले. मुलांच्या मालिकांच्या बाबतीत मात्र घरोघर वेगळंच नाटक घडताना दिसलं. बाबा उत्साहाने मुलांना बोलावून ‘शक्तिमान’समोर बसवायचे. शीर्षकगीतापर्यंत बाबांचा आवाज चढा. मग गंगाधर चष्मा आणि पुढे आलेले दात घेऊन अवतरायचा, कार्डबोर्डी अंधारातून तमराज किल्विष बोलायला लागायचा, आणि दहा मिनिटांत मुलं मोबाइलकडे वळायची. त्यानंतर थोड्याच वेळात बाबाही.

यात ‘शक्तिमान’चा दोष नाही. १९९७ च्या सप्टेंबरात सुरू होऊन २००५ पर्यंत चाललेली ती मालिका तिच्या काळाच्या आणि पैशांच्या मानाने धाडसी होती, आणि मुकेश खन्नांनी गंगाधरचं जे सोंग उभं केलं ते आजही विनोदी वाटतं. अडचण अशी, की बाबांना बघायचं होतं ते पडद्यावर नव्हतंच.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक बारीक ठसठस जाणवायला हवी. वर जेवढ्या कार्यक्रमांची नावं आली ती जवळजवळ सगळी हिंदी. रविवारची सकाळ दिल्लीची होती. मुंबई केंद्राच्या वाट्याला संध्याकाळचे काही तास, आणि त्यातही आठवड्यातून थोडाच वेळ मराठी मुलांच्या कार्यक्रमाला. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ची राजदत्त यांनी केलेली मालिका आणि तिचं अशोक पाटकींनी चाल दिलेलं शीर्षकगीत हा सणसणीत अपवाद, आणि तिथेही बघा, आधी गाणंच आठवतं. पुढच्या पिढीत तर हा ओघ आणखी वाढला. २००५ च्या सुमारास ‘डोरेमॉन’ हिंदीत आला, २००८ मध्ये ‘छोटा भीम’, आणि कोथरूडपासून कुडाळपर्यंतची मराठी पोरं ‘मम्मी, मुझे भूख लगी है’ म्हणू लागली. आजीआजोबांनी यावर पुष्कळ त्रागा केला. त्या मुलांचे आईबाप मात्र स्वतः हिंदी मोगलीवर वाढलेले, त्यामुळे त्यांची बाजू लंगडी होती.

पण या डोरेमॉनच्या पिढीत एक फरक आहे. चोवीस तासांच्या वाहिन्यांनी एकेक भाग अक्षरशः शेकडो वेळा लावला. आधी जे फक्त शीर्षकगीताच्या नशिबी होतं ते आता अख्ख्या गोष्टीच्या नशिबी आलं. या पिढीतली आज पंचविशीत असलेली मुलं नोबिताच्या भागांची कथानकं संवादांसकट सांगतात, कुठलं गॅजेट कुठल्या भागात निघालं तेही. वाट बघण्याची त्यांची आठवण मात्र पातळ आहे. वाट बघावीच लागली नाही. त्यामुळे त्यांची हुरहुर आपल्याहून उथळ आहे, असं म्हणायची घाई करू नये. ती दुसऱ्या सुतांची आहे, एवढंच.

राहिला प्रश्न जे पुन्हापुन्हा दिसलंच नाही त्याचा. मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ होतं. गाणी, गोष्टी, बाहुल्या, स्टुडिओत लाजत बसलेली खरीखुरी मुलं. मराठी मुलांसाठी मराठीत केलेला हा कार्यक्रम मोगलीच्या कितीतरी आधीचा. साठीच्या आसपासच्या मुंबईकरांना त्याचं नाव काढलं की नुसता आनंद होतो. तपशील विचारला तर दोन वाक्यांत संपतो. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती. एक कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून दुसऱ्यासाठी वापरली जाई, आणि मुलांचा कार्यक्रम जपून ठेवण्याच्या यादीत वर असण्याचं कारण नव्हतं. हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. बीबीसीने साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या टेप पुसल्या, नव्वदहून अधिक भागांचं चित्र त्यांच्याकडे आज नाही. मात्र तिथल्या चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून त्या सगळ्या भागांचा आवाज तेवढा जपला होता, म्हणून निदान ऐकता तरी येतात. १९७५ च्या मुंबईत किती घरांत टेपरेकॉर्डर होता, आणि असला तरी त्यावर नाट्यगीतांऐवजी ‘किलबिल’ टेप करायला कुणी दिलं असतं?

व्हीसीआर घरोघर आले ते ऐंशीच्या दशकात. त्यावर लोकांनी टिपले ते बहुतेक सिनेमे आणि क्रिकेटचे सामने. पण बटण दाबायला कुणी दोन मिनिटं लवकर धावला, कुणी बंद करायला विसरला, आणि सिनेमाच्या आधी-नंतर मुलांच्या कार्यक्रमाचं शेपूट, निवेदिका, एखादी जाहिरात फुकट टिपली गेली. अशा कॅसेटी आता माळ्यावरून खाली येत आहेत, बुरशी पुसून संगणकात उतरवल्या जात आहेत आणि इंटरनेटवर चढवल्या जात आहेत. लोक त्यातला सिनेमा सोडतात आणि ते दीड मिनिट पुन्हापुन्हा बघतात.